घरून काम, घरकाम आणि मधली लिफ्ट

‘सेव्हरन्स’ ही मालिका पाहिलेल्या आयटीतल्या माणसांशी बोलून बघा. पहिले दोन भाग संपले की हमखास एक प्रश्न निघतो : असं ऑपरेशन खरंच निघालं तर करून घ्याल का? मालिका बनवणाऱ्यांनी ही कल्पना अंगावर काटा यावा म्हणून रचली आहे. तरी बरेचजण क्षणभर विचार करतात आणि विचारतात, “पॅकेज काय आहे?” हा विनोद असतो, पण पुरता विनोदही नसतो.

(रसभंगाची सूचना : या लेखात मालिकेच्या दोन्ही पर्वांतल्या आणि ‘द ग्रेट इंडियन किचन’ या चित्रपटातल्या महत्त्वाच्या घटना उघड केल्या आहेत.)

ॲपल टीव्ही प्लसवर या मालिकेचं पहिलं पर्व फेब्रुवारी २०२२मध्ये आलं, दुसरं जानेवारी २०२५मध्ये. मूळ कल्पना डॅन एरिक्सनची आणि बरेचसे भाग बेन स्टिलरने दिग्दर्शित केलेले. ल्युमन नावाच्या कंपनीत काही कर्मचाऱ्यांच्या मेंदूत एक चिप बसवतात. लिफ्टने खालच्या मजल्यावर उतरताना बाहेरच्या आयुष्याची आठवण बंद होते. संध्याकाळी वर येताना ऑफिसची. एका शरीरात दोन माणसं. आत काम करणारा तो ‘इनी’, बाहेर जगणारा तो ‘आउटी’. आउटीच्या लेखी ऑफिस म्हणजे लिफ्टमध्ये शिरायचं आणि लगेच बाहेर पडायचं. इनीला मात्र घर नाही, झोप नाही, रविवार नाही. संध्याकाळी लिफ्टचं दार मिटतं आणि उघडतं तेव्हा दुसरी सकाळ झालेली असते.

‘वर्क-लाइफ बॅलन्स’ या शब्दाची ही चेष्टा आहे, असं या मालिकेबद्दल नेहमी म्हटलं जातं. ते खरंच आहे. पण मला वाटतं, तिचा खरा विषय नोकरी आणि घर यांच्यातला तोल नाही. त्या दोहोंमधलं दार उघडायचं बटण कुणाच्या हातात आहे, हा तिचा विषय आहे. हे ती ऑफिसच्या बाजूने फार नेमकेपणाने दाखवते. घराच्या बाजूने बघायची वेळ आली की मात्र तिची नजर अर्धवट होते. तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते या दोन्ही गोष्टींमुळे.

बटण कुणी दाबलं?

एरिक्सनने मुलाखतींमध्ये सांगितलं आहे की, तो एका दरवाजे बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नोकरी करत होता. रोज तिथे शिरताना वाटायचं, हे आठ तास कसेतरी गाळता आले तर! कल्पना तिथून आली. ती एका कंटाळलेल्या कर्मचाऱ्याची इच्छा होती, कुठल्या दुष्ट मालकाची नव्हे. मालिकेचं सगळ्यात मोठं बळ मला यात दिसतं. इथे कुणाला पकडून आणलेलं नाही. प्रत्येकाने स्वतः सही केली आहे.

मार्क स्काउट हा इतिहासाचा प्राध्यापक होता. बायको जेमा अपघातात गेल्यावर त्याला शिकवणं जमेना. निदान दिवसाचे आठ तास तिची आठवण येऊ नये, म्हणून त्याने ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ऑफिस विसरायचं म्हणून तो ल्युमनमध्ये गेलेला नाही. त्याला घर विसरायचं आहे.

पण सही केली ती आउटीने आणि भोगतो तो इनी. हेली नावाची नवीन मुलगी कॉन्फरन्स रूमच्या टेबलावर जागी होते, ती पहिल्या दिवसापासून राजीनामा द्यायला बघते. राजीनामा मंजूर करायचा अधिकार तिच्याच आउटीला आहे आणि ती तो नाकारते. हेली आत्महत्येचा प्रयत्न करते, तरी बाहेरची हेली तिला परत खाली पाठवते. व्हिडिओतून ती आतल्या हेलीला स्वच्छ सांगते की, माणूस मी आहे, तू नाहीस आणि निर्णय मी घेते. पहिल्या पर्वाच्या शेवटी कळतं की ही बाहेरची हेली म्हणजे कंपनीच्या मालकाचीच मुलगी.

आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर हा सगळा ‘ॲडमिन राइट्स’चा मामला आहे. सिस्टिम दोघे वापरतात, पण पासवर्ड एकाकडेच असतो. दुसऱ्याने कितीही अर्ज केले तरी ते पहिल्याच्याच इनबॉक्समध्ये जाऊन पडतात. आणि आपल्यातले बरेचजण स्वतःशी नेमकं हेच करतो. “हे रिलीज होऊ दे, मग बघू,” असं म्हणून शनिवार-रविवार देऊन टाकणारा मी आणि सोमवारी दुखरी मान घेऊन बसणारा मी, हे एकच असलो तरी त्यांची भेट फारशी होत नाही. मालिकेने या रोजच्या गोष्टीला दोन चेहरे दिले एवढंच.

एकाच बाजूने उघडणारी भिंत

पहिल्या पर्वात एक गोष्ट हळूहळू उघडी पडत जाते. आठवणींमधली भिंत पक्की आहे, कर्मचाऱ्याला ती ओलांडता येत नाही. कंपनीला मात्र ती केव्हाही ओलांडता येते.

मार्क ज्या घरात राहतो ते ल्युमनने सवलतीत दिलेलं आहे. शेजारी मिसेस सेल्विग नावाची गोड, जरा चौकस बाई राहते. कचऱ्याचा डबा चुकीच्या जागी ठेवते, घरी केलेली बिस्किटं आणून देते. ही बाई म्हणजे खालच्या मजल्यावरची त्याची साहेब, हार्मनी कोबेल. तिला मार्कचे दोन्ही जन्म माहीत आहेत, मार्कला एका वेळी एकच.

त्याहून मोठा धक्का डिलनच्या वाट्याला येतो. खालच्या मजल्यावर त्याने एक कार्ड लपवलेलं असतं. ते कुठे आहे हे विचारायला मिलचिक हा अधिकारी रात्री त्याच्या घरी जातो आणि कपाटात उभ्या असलेल्या डिलनमधला इनी जागा करतो. या सोयीचं कंपनीतलं नाव ‘ओव्हरटाइम कंटिन्जन्सी’. तेवढ्यात एक लहान मुलगा धावत येऊन डिलनला मिठी मारतो. मिलचिक काम उरकतो आणि बटण बंद करतो. डिलन दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसलेला असतो आणि आता त्याला माहीत असतं की, आपल्याला मुलगा आहे. पुढे तो मिलचिकला चावतो. बक्षीस म्हणून मिळणारी खरबुजाची पार्टी, वॉफलची पार्टी, पाच मिनिटांचा नाच हे सगळं ज्याला मनापासून आवडायचं, तोच माणूस.

माझ्या मते मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग हा कपाटातला आहे. २०२०नंतर घरून काम केलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ११ वाजतात तेव्हा हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात, उन्हाळ्यात साडेआठ. जेवणाची वेळ तीच आणि क्लायंटच्या मीटिंगचीही तीच. ऑन-कॉलचा आठवडा असला की उशाशी लॅपटॉप. फोन वाजला की पाच मिनिटांत तुमच्यातला इनी जागा व्हायला हवा, मग खोलीत बाळ झोपलेलं असो की वडील. चॅटमधल्या नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा पडू नये म्हणून माउस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात मिळतात. मिलचिकला आता घरी यावं लागत नाही.

घरून काम करण्याच्या बाजूने जे बोललं जातं ते खोटं नाही. रोजचे दोन-तीन तास प्रवासाचे वाचतात, गावी राहता येतं, आजारी माणसाजवळ बसता येतं. मी स्वतः ऑफिसात परत बोलावलं तर नाराज होणाऱ्यांपैकी आहे. पण या चर्चेत प्रश्न नेहमी जागेचा होतो : घर की ऑफिस, आठवड्यातले तीन दिवस की पाच? मालिका दाखवते की जागा हा दुय्यम मुद्दा आहे. ल्युमनचे कर्मचारी रोज ऑफिसला जातात, काम घरी आणत नाहीत, आणायची सोयच नाही. तरी त्यांचं घर कंपनीच्या ताब्यात आहे, कारण बटण कंपनीकडे आहे.

कायद्याच्या भाषेत या बटणाला ‘राइट टु डिस्कनेक्ट’ म्हणतात. फ्रान्समध्ये तो जानेवारी २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४पासून लागू झाला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत त्यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं. १९७०नंतर संसदेने एकही खासगी विधेयक मंजूर केलेलं नाही, त्यामुळे त्याचं काय झालं हे वेगळं सांगायला नको. त्या विधेयकापेक्षा कितीतरी जास्त चर्चा झाली ती २०२३मध्ये नारायण मूर्तींनी सुचवलेल्या आठवड्याच्या ७० तासांची. मग जानेवारी २०२५मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य आलं. रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा त्यांचा सवाल होता. मीम बरेच झाले. पण त्या वाक्यात घराची जी कल्पना आहे तिच्याकडे फार कुणी पाहिलं नाही. या कल्पनेत घर म्हणजे बघत बसायची जागा. तिथे काही काम असतं, हे वाक्याला ठाऊकच नाही.

आणि नेमकं इथेच ‘सेव्हरन्स’ही कमी पडते.

घर म्हणजे फ्रिज आणि सोफा

मार्कचं घर आठवून पाहा. निळसर उजेड, फ्रिज, दारूची बाटली, टीव्ही, फिशटँक. मार्क घरी येतो आणि बसतो. त्याचं दुःख खरं आहे आणि ॲडम स्कॉटने ते उत्तम उभं केलंय. पण त्या घरात कणिक मळावी लागत नाही, कुणाला डॉक्टरकडे न्यायचं नसतं, नळ गळत नाही. पहिल्या पर्वातलं घर म्हणजे काम नसलेली जागा. ती सुखाची असेल किंवा दुःखाची, पण काम नसलेली. तिथे ऑफिसचं जग जितकं बारकाईने रचलंय, तितकंच घराचं जग ढोबळ आहे.

मराठीत ‘घरून काम’ आणि ‘घरकाम’ हे दोन शब्द उच्चाराने किती जवळ आहेत! एक लिंक्डइनवर झळकतो, दुसरा कुणी बायोडेटात लिहीत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं. त्यातही मेख अशी की, ही सरासरी त्या दिवशी अशी कामं केलेल्यांचीच आहे. ज्या पुरुषांनी ताटही उचललं नाही ते तिच्यात धरलेलेच नाहीत.

मुंबईच्या माणसाकडे ल्युमनसारखी लिफ्ट होती : लोकल. डोंबिवलीहून सीएसएमटी गाठेपर्यंतचा तासाभराचा प्रवास माणसाला घरातून ऑफिसात आणून सोडायचा, संध्याकाळी उलट. पुरुषांच्या डब्यात परतीच्या वाटेवर पत्ते, भजन, डुलकी. लेडीज डब्यात त्याच वेळी मेथी निवडली जात असते, मटार सोलले जात असतात. म्हणजे लिफ्ट एकच, पण बाईची दुसरी पाळी लिफ्टमध्येच सुरू होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८९च्या आपल्या पुस्तकाला ‘द सेकंड शिफ्ट’ हेच नाव दिलं होतं. घरून काम सुरू झाल्यावर तर मधली लिफ्टही गेली. स्टँडअप मीटिंग म्यूटवर टाकून कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बाईला ‘फ्लेक्सिबिलिटी मिळाली’ असं म्हणतात.

आपल्याकडे घरून काम ही करोनाची देणगीही नव्हे. सोलापुरात बायका पिढ्यान् पिढ्या कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणून विड्या वळतात आणि मोजून परत देतात. मांडीवर सूप, बाजूला मूल, चुलीवर भात. त्याला बॅलन्स असं नाव कुणी दिलं नाही.

‘सेव्हरन्स’मध्ये जी बाजू नाही, ती दाखवणारा चित्रपट तिच्या वर्षभर आधीच येऊन गेला होता. जिओ बेबी यांचा मल्याळम ‘द ग्रेट इंडियन किचन’ जानेवारी २०२१मध्ये प्रदर्शित झाला. मला तो ‘सेव्हरन्स’चा जोडचित्रपट वाटतो. त्यात नवरा-बायकोला नावंही नाहीत. लग्न होऊन आलेली मुलगी (निमिषा सजयन) चिरते, शिजवते, वाढते, पुसते, पुन्हा चिरते. कॅमेरा तेच तेच दाखवत राहतो, इतकं की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आणि तो कंटाळा हाच दिग्दर्शकाचा मुद्दा आहे. ल्युमनमधली माणसं पडद्यावरचे आकडे कशासाठी निवडतात हे त्यांना माहीत नसतं. इथे कशासाठी ते माहीत आहे, पण संपत कधीच नाही.

सासऱ्यांना चटणी पाट्यावरची हवी, भात चुलीवरचा हवा, कपडे हाताने धुतलेले हवेत. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन घरात आहेत. सत्ता कशी चालते ते इथे दिसतं. यंत्र आहे की नाही हा मुद्दा नाही, ते वापरायची परवानगी कोण देतो हा आहे. सिंकखालचा पाइप गळतोय, प्लंबरला बोलवा, असं ती नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगते आणि तो पुन्हा पुन्हा विसरतो. नवरा शाळेत शिक्षक आहे. त्याचा दिवस संपतो. त्याला विसरता येतं. मला ‘सेव्हरन्स’ची चिप आठवते ती इथे : घराच्या दारातून बाहेर पडताच पाइप विसरणाऱ्या माणसाला कसल्याच ऑपरेशनची गरज नसते.

तिला नृत्यशिक्षिकेची नोकरी हवी असते. सासरे अगदी सौम्य आवाजात नको म्हणतात, आपली शिकलेली बायको घरात राहिली म्हणून मुलांचं कसं भलं झालं ते सांगतात. हा माणूस मिलचिकसारखाच हसतमुख आहे.

दुसऱ्या पर्वातली जेमा

दुसऱ्या पर्वात मालिकेला ही उणीव जाणवली असावी. पहिल्या पर्वातच एक सूचक धागा होता : एका राजकारण्याची श्रीमंत बायको बाळंतपणाच्या कळा सोसाव्या लागू नयेत म्हणून चिप बसवून घेते. कळा इनीला, बाळ आउटीला. दुसऱ्या पर्वाच्या सातव्या भागात हाच धागा मोठा होतो. जेमा मेलेली नाही. ल्युमनने तिला आणखी खालच्या मजल्यावर ठेवलं आहे. तिथे अनेक खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीत तिची एक वेगळी इनी जागी होते. एका खोलीत कायम दातांचा डॉक्टर. एकीत कायम हेलकावे खाणारं विमान. एकीत कायम नाताळ, भेटवस्तूंबद्दल आभाराची पत्रं लिहायची, हात दुखेपर्यंत.

ही तिसरी खोली मला विलक्षण वाटते. आभाराची पत्रं लिहिणं याला कुणी काम म्हणत नाही. आपल्याकडे त्याचं रूप म्हणजे कुणाच्या मुंजीला काय आहेर द्यायचा, कुणाला वाढदिवसाचा फोन करायचा, दिवाळीचा फराळ कुणाच्या घरी पोचवायचा हे लक्षात ठेवणं. मालिकेने नकळत का होईना, घरकामाचं एक टोक पकडलं. जेमाला त्या खोलीतून बाहेर आल्यावर काही आठवत नाही, फक्त हात दुखतो. मात्र ही खोली काही सेकंदांत मागे पडते आणि कथा पुन्हा मार्ककडे वळते. जेमाच्या इतक्या इनी, पण त्यांतल्या एकीलाही आपल्याला काय हवं ते सांगायला पुरेसा वेळ मिळत नाही.

डिलनच्या बायकोचा, ग्रेचनचा धागा याहून चांगला जमलाय. ती ऑफिसात येऊन डिलनच्या इनीला भेटते आणि तिला तो घरच्या नवऱ्यापेक्षा आवडायला लागतो. कारण तो तिच्याकडे लक्ष देतो. घरचा डिलन नोकऱ्या धरू न शकलेला, ओशाळलेला, दमलेला. त्याचा उत्साही, जागा भाग कंपनीकडे जमा आहे, घरी येतं ते उरलेलं. नोकरी किती तास घेते यापेक्षा कोणते तास घेते हा प्रश्न या छोट्या कथेत जितका स्पष्ट होतो, तितका ७० विरुद्ध ९० तासांच्या वादात झाला नाही.

शेवटच्या भागात मार्कचा आउटी आणि इनी कॅमेऱ्यावर संदेश ठेवून एकमेकांशी बोलतात. आउटी म्हणतो, जेमाला सोडवायला मदत कर, मग आपण दोघे एक होऊ. इनी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. दोन वर्षं ज्याने कोंडून ठेवलं, तो आज काम पडल्यावर समेटाची भाषा करतोय. वरून त्याला हेलीचं नावही नीट आठवत नाही. जेमाला दारापर्यंत सोडून इनी मागे फिरतो, हेलीकडे. काहींना हा शेवट रखडलेला वाटला. मला तो प्रामाणिक वाटला. ज्याच्याकडे बटण आहे त्याने नुसतं ‘बॅलन्स करू’ म्हणून भागत नाही. बटण दुसऱ्याच्या हातात द्यावं लागतं आणि तो ते आपल्याला हवं तसंच दाबेल याची खात्री नसते.

‘द ग्रेट इंडियन किचन’ची नायिका सिंकमधलं घाण पाणी नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या अंगावर ओतून घराबाहेर पडते. पुढे ती नृत्य शिकवते. नवऱ्याचं दुसरं लग्न होतं आणि त्याच स्वयंपाकघरात नवी बायको उभी राहते. एक माणूस सुटला, मजला तसाच राहिला. ‘सेव्हरन्स’च्या तिसऱ्या पर्वाने या दृश्याच्या पलीकडे जाऊन दाखवावं, अशी माझी अपेक्षा आहे.

नोकरी करणाऱ्या बाईच्या दिवसाला आपण ‘तारेवरची कसरत’ म्हणतो. पुरुषाच्या दिवसाला हा शब्द क्वचितच वापरला जातो, त्याचा असतो तो ‘वर्क-लाइफ बॅलन्स’. दोन्ही शब्दांमध्ये सगळं लक्ष चालणाऱ्यावर आहे : त्याचा तोल गेला का, तिने सावरलं का. तार कुणी बांधली, किती उंच बांधली, हे विचारायची सोय त्या शब्दांत नाही. ‘सेव्हरन्स’ने ऑफिसच्या टोकाला हा प्रश्न विचारला आणि ‘द ग्रेट इंडियन किचन’ने घराच्या टोकाला. दोन्ही लागोपाठ पाहा. शनिवारी एक, रविवारी एक. रविवारी पाहताना जेवण कुणी केलं, तेवढं लक्षात ठेवा.